चिंतन दिन आणि चार आणे

फेब्रुवारीची २२ तारीख उजाडली, की माझा उजवा हात आजही नकळत कपाळाकडे जातो. अंगठ्यानं करंगळी दाबून धरायची आणि मधली तीन बोटं ताठ ठेवायची. शाळेत शिकलेला हा सलाम पन्नाशी उलटली तरी अंगातून गेलेला नाही. घरात कुणी पाहिलं तर हसतात. मीही हसते. पण त्या दिवशी सकाळचा चहा मी जरा सावकाश पिते, कारण तो दिवस विचार करण्यासाठीच राखून ठेवलेला आहे. स्काऊट-गाईडच्या भाषेत त्याला ‘चिंतन दिन’ म्हणतात.

या दिवसाची गोष्ट छोटीशी आहे. स्काऊट चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ चा आणि त्यांच्या पत्नी ओलेव्ह यांचा २२ फेब्रुवारी १८८९ चा. नवरा-बायकोचा वाढदिवस एकाच तारखेला. १९२६ साली अमेरिकेत गाईड मुलींच्या संघटनांची चौथी जागतिक परिषद भरली. तिथे असं ठरलं, की देशोदेशींच्या गाईडनी वर्षातून एक दिवस एकमेकींची आठवण काढावी, आणि त्यासाठी हीच तारीख निवडली गेली. १९९९ मध्ये त्या नावाला ‘जागतिक’ हा शब्द जोडला गेला. हा दिवस मी मुलगी असताना विवळवेढ्यात साजरा केला, लग्नानंतर बारा वर्षं कुवेतमध्ये साजरा केला, आणि आता पुन्हा विवळवेढ्यात करते. तिन्ही वेळा त्याचा अर्थ मला थोडा वेगळा लागला. त्याबद्दल आज चार शब्द सांगायचे आहेत.

विवळवेढे म्हटलं, की लोकांना आठवते ती डहाणूची महालक्ष्मी. मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागून देवीचं मंदिर आहे आणि मागे तिचा गड. आजूबाजूला वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे. अब्बांचं महामार्गावर पंक्चर काढण्याचं दुकान होतं. आमच्या आळीत मुसलमानाचं घर आमचं एकच. शाळा लांब, चालत जावं लागे. मी आठवीत असताना, म्हणजे १९८३ साली, शाळेत नव्या बाई आल्या आणि त्यांनी मुलींचं गाईड पथक सुरू केलं. निळा गणवेश, गळ्यात स्कार्फ, कमरेला दोरी. गणवेशाचं कापड परवडेना म्हणून अर्ध्या मुली नुसत्या स्कार्फवर उभ्या राहत. बाई म्हणायच्या, “गाठ नीट मारता आली, की गणवेश पूर्ण झाला समजा.”

गाईड होण्याआधी दीक्षाविधी असतो. त्यात वचन घ्यावं लागतं. ईश्वर आणि देश यांच्याप्रती कर्तव्य करण्याचं, दुसऱ्याला मदत करण्याचं आणि गाईडचे नियम पाळण्याचं. या तीन गोष्टींसाठी ती तीन बोटं. विधीच्या आदल्या रात्री मी अब्बांना विचारलं, “वचनात ‘ईश्वर’ असा शब्द आहे. म्हणू का?” अब्बा कंदिलाजवळ बसून ट्यूबला ठिगळ लावत होते. वर न बघता म्हणाले, “वचन पाळणार असशील तर म्हण. पाळणार नसशील, तर ‘अल्ला’ म्हणूनही उपयोग नाही.” विषय तिथेच संपला.

माझ्या शेजारी बाकावर बसणारी मैत्रीण वारली. तिचा पाडा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आम्ही दोघी एकाच दिवशी गाईड झालो. चळवळीचा इतिहास बाईंनी आम्हाला सांगितला तो थोडक्यात, आणि बराचसा गोड करून. कडू भाग मी नंतर बी.ए. करताना वाचला. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीस मुलांचं पहिलं शिबिर घेतलं. दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, कॅप्टन टी. एच. बेकर यांनी बंगळुरात भारतातलं पहिलं स्काऊट पथक उभं केलं. १९११ मध्ये जबलपूरला मुलींची पहिली कंपनी निघाली. पण या पथकांची दारं गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांनाच उघडी होती. ज्या मातीत शेकोटी पेटायची, त्या मातीतल्या मुलांना तिच्याभोवती बसायची परवानगी नव्हती.

मग आपल्या लोकांनी आपल्या शेकोट्या पेटवल्या. १९१६ साली ॲनी बेझंट यांनी मद्रासमध्ये भारतीय मुलांसाठी संघटना काढली. तिथल्या मुलांच्या डोक्यावर टोपीऐवजी फेटा आला. पाठोपाठ अलाहाबादला पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची स्काऊट संघटना उभी केली. १९३७ मध्ये बेडन-पॉवेल भारतात येऊन गेले. भारतीयांविषयी त्यांनी काढलेल्या उद्गारांनी संताप उसळला आणि १९३८ मध्ये वेगळी हिंदुस्तान स्काऊट असोसिएशन स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी या संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची संघटना तिच्यात सामील झाली. म्हणजे मी जो स्कार्फ बांधला, तो मला मिळावा म्हणून आधीच्या दोन पिढ्या भांडल्या होत्या.

गंमत अशी, की ‘गाईड’ हे नावसुद्धा आपल्याच बाजूचं आहे. वायव्य सरहद्दीवर १८४६ मध्ये पेशावरला ‘कोअर ऑफ गाईड्स’ नावाची पलटण उभी राहिली होती. वाट काढणारी, वाट दाखवणारी माणसं. मुलींच्या संघटनेसाठी बेडन-पॉवेल यांनी ते नाव तिथून उचललं. खाकी कपडा प्रथम वापरला तोही याच पलटणीनं, आणि ‘खाकी’ म्हणजे धुळीच्या रंगाचा.

आता जत्रेकडे येते. चैत्री पौर्णिमेला महालक्ष्मीची यात्रा भरते आणि पुढे पंधरा दिवस चालते. पौर्णिमेच्या मध्यरात्री वाघाडीचा पुजारी गडावर चढून देवीचा ध्वज लावतो. लांबलांबून आदिवासी कुटुंबं येतात. पावसाळ्याची बेगमी, भांडी, बांगड्या, पाळणे, सगळं एकाच ठिकाणी. १९८४ च्या जत्रेत आमच्या पथकाला सेवेचं काम मिळालं. रांगेतल्या लोकांना पाणी द्यायचं आणि हरवलेलं मूल दिसलं, तर मंडपात आणून बसवायचं. बाईंनी बजावलं होतं, “सत्कृत्याचा मोबदला घ्यायचा नाही. कुणी पैसे दिले, तर हात जोडायचे.”

आदल्या संध्याकाळी मैत्रिणीनं हे घरी सांगितलं. मी तिथेच होतो, ओट्यावर. तिची आजी नाचणी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “फुकट काम? ती तं वेठच.”

‘वेठ’ या शब्दाला डहाणू-तलासरीत किती वजन आहे, हे मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. सावकार-जमीनदाराच्या शेतावर, घरी, जंगल ठेकेदाराच्या कुपात वारल्यांना फुकट राबावं लागे. बोलावलं की जायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. म्हटलं तर मार. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या कर्जापायी नवरा-बायको दोघं आयुष्यभर बांधली जात. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात किसान सभेची परिषद झाली. हजारो वारली जमले आणि त्यांनी ठरवलं, की यापुढे वेठ करायची नाही. त्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आहे. त्याच वर्षीच्या १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले. आजी तेव्हा वीस-बावीस वर्षांची असेल. जी गोष्ट नाकारण्यासाठी तिच्या माणसांनी गोळ्या झेलल्या, तीच गोष्ट तिची नात गळ्यात स्कार्फ बांधून हौसेनं करायला निघाली होती!

दुसऱ्या दिवशी आजी जत्रेत आली. उन्हाचा कडाका होता. नातीच्याच हातून ती पाणी प्यायली, आणि कनवटीची गाठ सोडून चार आण्याचं नाणं पुढे केलं. मैत्रिणीनं हात जोडले. आजी हलेना. मागे रांग खोळंबली. शेवटी बाई धावत आल्या. आजी बाईंना एवढंच म्हणाली, की पोरगी उन्हात उभी राहिली आहे, कामाचा दाम घेतलाच पाहिजे.

बाईंनी काय करावं? नियम सांगत होता, घेऊ नका. समोरची बाई सांगत होती, घ्या. बाईंनी नाणं घेतलं, कपाळाला लावलं आणि वहीत ‘खरी कमाई’च्या खात्यात लिहून ठेवलं. ज्यांनी शाळेत स्काऊट-गाईड केलं आहे, त्यांना ‘खरी कमाई’ आठवत असेल. मुलांनी घरोघरी जाऊन लहानसहान कामं करायची, त्याचे पैसे घ्यायचे आणि ते पथकाला द्यायचे. पुढच्या वर्षीच्या २२ फेब्रुवारीला बाईंनी ते चार आणे सगळ्यांना दाखवले आणि सांगितलं, की १९३२ साली पोलंडमधल्या परिषदेत बेल्जियमच्या एका प्रतिनिधीनं सुचवलं होतं, वाढदिवस म्हटला की भेट आलीच. मग प्रत्येक गाईडनं एक पेनी द्यावी आणि ती दूरच्या अनोळखी मुलींच्या उपयोगी पडावी. “आपली पेनी ही,” बाई म्हणाल्या. वेठ आणि सेवा यांतला फरक त्यांनी समजावून सांगितला नाही. पण तो माझ्या डोक्यात पक्का बसला. नाही म्हणता येतं, ती सेवा. नाही म्हणता येत नाही, ती वेठ. आणि सेवा झाली तरी कामाचं मोल कामाला असतंच.

त्याच वर्षी बाईंनी आम्हाला पुण्याला ‘संगम’ दाखवायला नेलं. आळंदी रस्त्यावरचं हे गाईड मुलींचं जागतिक केंद्र. स्वित्झर्लंड, लंडन आणि मेक्सिकोनंतरचं चौथं. १६ ऑक्टोबर १९६६ रोजी ओलेव्ह बेडन-पॉवेल यांनी त्याचं उद्घाटन केलं होतं. तिथे परदेशातल्या मुली कामाला येऊन राहिलेल्या. घरापासून हजारो मैलांवर त्या भाकरी थापायला शिकत होत्या. त्यांचा चिंतन दिन पुण्यात होतो, हे ऐकून मला तेव्हा कीव आली होती. दहा वर्षांनी माझ्यावर तीच वेळ येईल, असं कुठे वाटलं होतं?

१९९५ मध्ये लग्न होऊन मी कुवेतला गेले. यजमान एका कंपनीत हिशेबनीस. साल्मियात दोन खोल्यांचा फ्लॅट, खिडकीतून समोरची खिडकी दिसे. पहिल्या फेब्रुवारीत सगळं शहर दिव्यांनी झगमगत होतं. मला वाटलं, बघा, हे लोकसुद्धा साजरा करतात! नंतर कळलं, २५ तारखेला त्यांचा राष्ट्रीय दिन आणि २६ ला १९९१ च्या मुक्तीचा दिन. दिवे त्याचे. मी एकटीच गॅलरीत उभी राहून सलाम केला आणि आत येऊन भांडी घासली. कविता लिहायला लागले ती त्याच वर्षी. दुसऱ्याला सांगण्यासारखं माणूस जवळ नसलं, की कागद जवळचा वाटतो.

पुढे मुली झाल्या, शेजारपाजारच्या मुली येऊ लागल्या. मल्याळी, तेलुगू, गोव्याची एक, मालवणची एक. दरवर्षी २२ फेब्रुवारीला आमच्या बैठकीत सतरंजी अंथरून चिंतन दिन होई. गाठी शिकवायच्या, एक खेळ, आणि प्रत्येकीनं दूरच्या कुणाला तरी पत्र लिहायचं. तिथल्या अरबी टीव्हीवर एकदा गणवेशातल्या मुली दिसल्या. थोरलीनं विचारलं, यांना काय म्हणतात? अरबीत गाईड मुलींना ‘मुर्शिदात’ म्हणतात. मी हसले. सूफींमध्ये वाट दाखवणाऱ्या गुरूला मुर्शिद म्हणतात. माझ्या आजोबांच्या तोंडी हा शब्द किती अदबीनं यायचा! पेशावरच्या पलटणीपासून निघालेलं नाव मुर्शिदांपर्यंत येऊन पोचलं होतं.

२००२ सालचा २२ फेब्रुवारी शुक्रवार होता, आणि कुवेतमध्ये त्याच दिवशी बकरी ईद आली. भारतात ती दुसऱ्या दिवशी होती. सकाळी नमाज, पाहुणे, शीरखुर्मा. पण मुली ऐकेनात. संध्याकाळी चिंतन दिन झालाच पाहिजे. आठवडाभर त्यांनी ‘खरी कमाई’ केली होती. बूट पॉलिश केले, कप विसळले, पन्नास-पन्नास फिल्स जमवले. डबा खुळखुळत होता. धाकटीनं विचारलं, “अम्मी, वरच्या मजल्यावरची ताई रोज कप विसळते. तिच्या डब्यात किती जमले असतील?”

वरच्या मजल्यावर एका घरी श्रीलंकेहून आलेली एक बाई कामाला होती. ईदच्या दिवशी पहाटेपासून ती राबत होती, ते जिन्यातून दिसत होतं. तिला आठवड्याची सुट्टी नव्हती. पासपोर्ट मालकाकडे. नोकरी सोडायची तर मालकाची परवानगी हवी. घरकामगारांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी देणारा कायदा कुवेतमध्ये झाला तो पुढे २०१५ साली. मुली म्हणाल्या, डब्यातले पैसे तिलाच देऊ. मी क्षणभर ‘हो’ म्हणणार होते. पण आजीचं ते चार आण्याचं नाणं आठवलं. हिला पगार होता, नव्हता तो ‘नाही’ म्हणायचा हक्क. तो आमच्या डब्यात कुठून येणार?

आम्ही ताटली घेऊन वर गेलो. दारातच तिला विचारलं, तुला काय हवं? ती मोडक्या हिंदीत म्हणाली, घरी मुलीला पत्र लिहून दोन महिने झाले, पण पोस्टात जाता येत नाही. आमच्या मुली खाली धावल्या आणि पाकीट घेऊन आल्या. ईदची सुट्टी संपल्यावर तिचं पत्र मुलींच्या पत्रांबरोबर पोस्टात पडलं. तिकिटाचे पैसे डब्यातले. बदल्यात तिनं मुलींना सिंहली अक्षरांत त्यांची नावं लिहून दिली. कुणाचं कुणावर काही राहिलं नाही. त्यानंतर दर महिन्याला तिचं पत्र आमच्या घरातून जाऊ लागलं. तिची सुट्टी मात्र आम्ही मिळवून देऊ शकलो नाही, आणि मालकिणीशी तो विषय काढायचं धाडस मला झालं नाही. हे आज सांगताना बरं वाटत नाही. पण चिंतन दिनाला खरं बोलावं.

त्याच टपालात माझंही एक पत्र होतं, विवळवेढ्याच्या मैत्रिणीला. आठवडा उलटायच्या आत गुजरातमधून त्या भीषण बातम्या येऊ लागल्या. आमच्या तालुक्यापासून गुजरातची हद्द ती किती लांब? मी फोनवर फोन लावत होते. अम्मी म्हणे, “आम्ही बरे आहोत, इकडे शांत आहे.” पण आईच्या आवाजात काय दडलेलं असतं, ते लेकीला कळतं. रात्र-रात्र झोप नव्हती. परदेशात असण्याचं खरं दुःख तेव्हा कळलं. आपण नुसता विचार करू शकतो, हात पोचत नाही.

मार्च संपता संपता मैत्रिणीचं उत्तर आलं. शाळेच्या वहीचा एकच कागद. लिहिलं होतं, “तुझं पत्र मिळालं. त्याच्या आधीपासूनच मी रोज संध्याकाळी तुझ्या अम्मीकडे जाऊन बसते. पाड्यावरचे दोघं-तिघं रात्री दुकानाच्या बाकड्यावर झोपतात. कुणी सांगितलं नाही, आपलं आपण ठरवलं. काळजी करू नकोस.” खाली सहीच्या जागी तीन पाकळ्यांचं गाईडचं चिन्ह काढलं होतं. तो कागद अजून माझ्याकडे आहे. ‘दूरच्या मैत्रिणीचा विचार करणे’ म्हणजे काय, याचा त्याहून चांगला अर्थ मला कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही. कुणाच्या बोलावण्यावरून ते दुकानाशी झोपले नव्हते. आणि कुणी बोलावलं असतं, तर ‘नाही’ म्हणायला ते मोकळे होते.

२००७ मध्ये आम्ही परत आलो. अब्बा आता नाहीत. दुकानाच्या जागी महामार्गाची रुंद पट्टी आहे. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून फुटून पालघर जिल्हा झाला. मैत्रीण अंगणवाडी सेविका आहे. अंगणवाडीची कल्पना आमच्याच भागात, बोर्डी-कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी रुजवली, याचा तिला कोण अभिमान! पण तिला मिळतं ते वेतन नव्हे, ‘मानधन’. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या तेव्हा तीही गेली. मी थट्टेनं म्हटलं, “काय गं, सत्कृत्याचा मोबदला मागतेस?” ती म्हणाली, “आजीचे चार आणे विसरलीस काय?”

आता दर २२ फेब्रुवारीला तिच्या अंगणवाडीच्या ओट्यावर आम्ही दोघी बसतो. माझ्या मुली आता दूर देशी आहेत. थोरली फोन करते. तिच्या सोसायटीतल्या तीन-चार मुलींना ती गाठी शिकवते. धाकटी विसरते आणि दुसऱ्या दिवशी फोन करते. दोघींना माझा एकच प्रश्न असतो. आज कुणाचा विचार केलास? आणि तुझे कप कोण विसळतं, तिचा केलास का?

ओट्यावरून गड दिसतो. ध्वजाला अजून दोन महिने असतात. मैत्रीण चहा आणते, आणि कप आम्ही दोघी मिळून विसळतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)